हौस त्यांची, पट्टा माझ्या हातात

परवा आलेले पाहुणे म्हणाले, "तुमचा ब्रुनो किती शहाणा आहे हो!" त्यावर भाऊजींनी लगेच ऐकवलं, "आमच्याकडे पहिल्यापासून शिस्तच आहे." मी ओट्यापाशी चहा गाळत होते. ती शिस्त कुणी लावली आणि कुणाकुणाच्या विरोधात लावली, हे एकदा लिहून टाकायचं मी तेव्हाच ठरवलं.

2020 च्या टाळेबंदीत भाऊजींनी लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. सगळे चोवीस तास घरात, त्यामुळे त्याला मांडीवरून खाली ठेवायला कुणी तयार नसे. मग ऑफिसं सुरू झाली, शाळा सुरू झाल्या आणि ब्रुनो एकाएकी 'दांडगा' ठरला. लॅब्राडोर वर्षा-दीड वर्षात 25 ते 35 किलोंचा होतो, ही माहिती आणण्याआधी कुणालाही विचारता आली असती. त्याला बाल्कनीच्या ग्रिलला बांधून ठेवायला लागले. "वहिनी, आज जरा फिरवून आणाल?" यातला 'आज' कधी गळून पडला, कळलंही नाही.

एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ब्रुनो भुंकायला लागला. भाऊजी मीटिंगमधून उठून आले, "गप्प!" म्हणून खेकसले आणि दार आपटून गेले. ब्रुनोची शेपटी हलत होती. तो पुन्हा भुंकला, भाऊजी पुन्हा आले, शेपटी पुन्हा हलली. तेव्हा मला लख्ख दिसलं. शांत पडून राहिला तर त्याच्याकडे दिवसभर कुणी फिरकत नव्हतं. भुंकला की माणूस येत होतं. अंगावर उडी मारली की निदान ढकलायला तरी कुणाचा हात लागत होता. हे घरानेच त्याला शिकवलं होतं आणि वर त्यालाच वाह्यात म्हणत होतं.

म्हणून ज्यांच्या गळ्यात असा कुत्रा पडला आहे, त्यांना सांगते. आधी त्याला रोज दोन वेळा नीट चालवा. रस्त्यात थांबून वास घेतो, तो घेऊ द्या. तेही त्याचं काम आहे. पट्टा ताणला की जागच्या जागी उभं राहायचं, सैल झाला की पाऊल टाकायचं. सुरुवातीला सोसायटीच्या गेटपर्यंतही पोचणार नाही. चालेल.

उडी मारली की पाठ फिरवा. ओरडू नका, ढकलू नका, बघूही नका. चारही पाय जमिनीवर टेकले की एक-दोन सेकंदांत शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा छोटा तुकडा. उशीर झाला तर तो कशाबद्दल मिळाला, ते त्याला कळत नाही. दुर्लक्ष करायला लागलं की भुंकणं, उड्या मारणं आधी वाढतं आणि मगच उतरतं. नेमकं वाढतं तेव्हाच घरचे म्हणतात, "बघ, तुझ्या पद्धतीने काही होत नाही." तिथे माघार घेतलीत, तर आणखी जोरात भुंकलं की काम होतं, एवढंच तो शिकेल.

घरात शू केली म्हणून नाक घासू नका. त्याने कुत्रा फक्त लपून करायला शिकतो. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्या. प्रत्येक आज्ञेला सगळ्या घराचा एकच शब्द ठरवा. आमच्याकडे मी 'बस' म्हणायचे, मुलं 'सिट' आणि भाऊजी 'डाऊन'. शेवटी मी शब्दांचा कागद फ्रिजवर लावला. कुणी वाचला नाही, तेव्हा जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवला.

मात्र खरा त्रास कुत्र्याचा नव्हताच, घरच्यांचा होता. सासूबाई जेवताना हळूच पोळीचा तुकडा खाली सोडत. "एवढ्याशाने काय होतं?" होतं ते असं की, दहातून एकदा जरी मिळालं तरी कुत्रा दहाही वेळा मागतो. अधूनमधून मिळणाऱ्या खाऊने सवय उलट पक्की होते. शिवाय कांद्याची भाजी, शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट ही त्याच्यासाठी विषं आहेत.

मध्यंतरी "एखाद्या फार्महाऊसवर सोडून येऊ" अशीही भाषा झाली. मी प्राण्यांवरील क्रूरता रोखणारा 1960 चा कायदा काढून दाखवला. बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणं आणि प्राण्याचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणं, हे दोन्ही कलम 11 प्रमाणे गुन्हे आहेत. पहिल्यांदा केलेल्या गुन्ह्याला दंड फक्त 10 ते 50 रुपये आहे, पण दंड किरकोळ म्हणून गुन्हा किरकोळ होत नाही. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतो. पिल्लू आणण्याआधी कागदावर लिहून घ्या: भर पावसात सकाळी सहाला कोण नेणार, डॉक्टरांचा खर्च कोण करणार, गावाला गेल्यावर कोण थांबणार. तीनही ओळींपुढे एकच नाव येत असेल, तर आणायचं की नाही हे त्या एका माणसानेच ठरवावं. आणि घरात कुत्रा आधीच आलेला असेल, तर त्याच्यासाठी जो उठतो, त्याने घालून दिलेले नियम बाकीच्यांनी निमूट पाळावेत. मदत होत नसेल तर राहू दे, निदान केलेलं मोडू नका.