परदेशी मदत : विरजण बाहेरचं, दूध आपलं





या अंकाच्या अभ्यास पाठाचा विषय तुमच्याकडूनच आला आहे. गटांच्या बैठकांना फिरताना एक प्रश्न वारंवार कानावर येतो : "मॅडम, तो परदेशातला पैसा नेमका येतो कुठनं? आणि आपल्याला कशापायी देतात?" त्यावर गटात लगेच दोन बाजू पडतात. काहीजणी म्हणतात, फुकटचं आहे, मिळेल तेवढं घ्यावं. काहीजणी म्हणतात, दुसऱ्याच्या देशापुढं हात कशाला पसरायचा?

दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं आहे, पण पूर्ण कोणतीच नाही. मला वाटतं, बायकांच्या कमाईच्या वाटा मोकळ्या करणारी परदेशी मदत आपण जरूर मागावी आणि ती टिकावी म्हणून बोलावंही. फक्त कशासाठी मागायची हे आपण ठरवलं पाहिजे. ते ठरवायला आधी माहिती हवी, म्हणून हा पाठ.

१. परदेशी पैसा एकाच जातीचा नसतो

त्याचे तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार अनुदानाचा. हा पैसा परत करायचा नसतो. एखादा देश किंवा परदेशी संस्था इथल्या नोंदणीकृत संस्थेला असा निधी देते.

दुसरा प्रकार सवलतीच्या कर्जाचा. हा पैसा सरकार घेतं आणि सरकारच फेडतं. मुदत लांब असते आणि व्याज बाजारापेक्षा कमी असतं. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी, म्हणजे आयफाड, असा पैसा देतात.

तिसरा प्रकार गुंतवणुकीचा. ही मदत नव्हेच. नफा मिळावा म्हणून लावलेला हा पैसा असतो. तेव्हा शेजारी असलेल्या आंध्र प्रदेशात हा फरक बायकांना फार महागात पडला. तिथं खासगी सूक्ष्म वित्त कंपन्यांनी गुंतवणूकदारांच्या पैशावर झपाट्याने कर्जं वाटली. एकेका बाईच्या डोक्यावर तीन-चार कंपन्यांचे हप्ते झाले, वसुलीचा तगादा लागला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. शेवटी ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला अध्यादेश काढून या कंपन्यांना लगाम घालावा लागला.

म्हणून कुणी "परदेशी फंड आहे" म्हटलं, की पहिला प्रश्न हाच विचारायचा : या तिन्हीतला कोणता?

२. आपल्या गटांच्या मुळाशी काय आहे?

बचत गट हे आपल्याच मातीतलं रोप आहे. भिशी आणि पुरचुंडीतली बचत आपल्या आज्यांनाही ठाऊक होती. पण त्याची चळवळ झाली, त्यात बाहेरच्या मदतीचा वाटा आहे.

१९८९ मध्ये तमिळनाडूत धर्मपुरी जिल्ह्यापासून महिलांचे गट बांधण्याचा मोठा प्रकल्प सुरू झाला, त्याला आयफाडचा आधार होता. १९९२ मध्ये नाबार्डने गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. १९९४ पासून आपल्या राज्यात आयफाडच्याच मदतीने ग्रामीण पतपुरवठा प्रकल्प आला आणि त्यात गट बांधायचं काम माविमने, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाने केलं. माविमची स्थापना १९७५ ची, आंतरराष्ट्रीय महिला वर्षातली. पुढे २००७ पासून 'तेजस्विनी' कार्यक्रम राज्याच्या ३३ जिल्ह्यांत चालला. लोकसंचालित साधन केंद्रं त्यातूनच उभी राहिली. आता महिलांच्या उद्योगांसाठी 'नव तेजस्विनी' आहे. तिकडे 'उमेद' ज्या राष्ट्रीय अभियानाचा भाग आहे, त्यालाही जागतिक बँकेचं कर्ज मिळालं आहे.

आता जरा हिशोब करू. गटात १२ जणी, दरमहा बचत १०० रुपये. महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रुपये. पाच वर्षांत ७२,०००. व्याज वेगळं. एवढ्यात दवाखाना, शाळेची फी, बी-बियाणं भागतं. पण मसाला कांडप यंत्र किंवा दूध संकलन केंद्र यासाठी बँकच हवी. बँक पैसे देतेही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे गटाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण लागत नाही.

मग अडतं कुठं? मधल्या कामात. पंचसूत्री कोण शिकवणार? हिशोबाची वही कोण तपासणार? बँकेत पहिल्यांदा जाताना सोबत कोण येणार? शेळीला लस कधी द्यायची, मालावर लेबल कसं लावायचं, व्यापाऱ्याशी भाव कसा ठरवायचा, हे कोण सांगणार? या कामाला पैसा लागतो, आणि त्यासाठी कुठलीच बँक कर्ज देत नाही. परदेशी मदतीचा खरा उपयोग इथं झाला. सहयोगिनीचं मानधन, प्रशिक्षणं, अभ्यास सहली, साधन केंद्राचं पहिल्या वर्षांचं भाडं अशा गोष्टींत तो पैसा मुरला. वाटप झालं नाही म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही.

घरातलं उदाहरण घ्या. दही लावायला विरजण चमचाभर पुरतं. दूध आपल्याच घरचं असतं. आणि एकदा दही लागलं, की दुसऱ्या दिवशी शेजारी वाटी घेऊन जावं लागत नाही. मदतही अशीच असावी. बचत आणि कष्ट आपले, बाहेरून फक्त विरजण.

हे नुसतं बोलणं नव्हे. बांगलादेशातली ग्रामीण बँक १९८३ मध्ये स्वतंत्र बँक झाली. सुरुवातीला तिला आयफाड, नॉर्वे, स्वीडन यांचा पैसा होता. १९९५ मध्ये तिने ठरवलं, यापुढे देणगीदारांकडून नवा निधी मागायचा नाही. ठेवींवर बँक चालू राहिली. ज्या मदतीने अशी वेळ येते, ती चांगली मदत.

३. हात पसरणं की हक्क?

आता दुसऱ्या बाजूचं. "हात कशाला पसरायचा" म्हणणाऱ्या मावश्यांचा स्वाभिमान मला पटतो. पण तीन गोष्टी पाहा.

एक, सवलतीचं कर्ज सरकारी तिजोरीतून फिटतं आणि तिजोरीत आपलेही पैसे आहेत. साबणाची वडी घेताना, मोबाइलचं रिचार्ज मारताना आपण कर भरतोच. म्हणजे हे कर्ज आपणही फेडतोय. मग ते कशावर खर्च झालं हे विचारणं आपला अधिकार आहे.

दोन, आयफाड ही संयुक्त राष्ट्रांची संस्था. १९७४ च्या जागतिक अन्न परिषदेत ती काढायचं ठरलं आणि १९७७ मध्ये ती उभी राहिली. श्रीमंत देशांनी, तेल विकणाऱ्या देशांनी आणि भारतासारख्या देशांनी मिळून ती काढली. भारत तिचा संस्थापक सभासद आहे आणि तिच्या निधीत वर्गणीही भरतो. आपण गटात वर्गणी भरतो आणि गटातूनच कर्ज उचलतो, तेव्हा कुणी त्याला भीक म्हणतं का?

तीन, आपला देश इतरांना देतोही. १९६४ पासून भारत सरकार दुसऱ्या देशांतल्या लोकांना आपल्या खर्चाने प्रशिक्षण देतं. राजस्थानात तिलोनिया गावी बेअरफूट कॉलेज आहे. तिथं आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या बायका, कितीतरी आज्या, ज्यांना अक्षरओळखही नव्हती, सहा महिने राहिल्या. खुणांनी आणि रंगांवरून शिकल्या आणि आपल्या गावी जाऊन सौर दिवे बसवू लागल्या. त्यांच्यासाठी ती परदेशी मदतच होती आणि देणारे आपण होतो.

४. आत्ताच का बोलायचं?

कारण जगात हा पैसा आटत चाललाय. १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलं होतं, की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नातल्या दर १०० रुपयांतले ७० पैसे मदतीसाठी द्यावेत. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्याच देशांनी ते पाळलं. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदत आधी थांबवली, मार्चमध्ये त्यांच्या मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं सांगितलं आणि १ जुलैला ती संस्थाच गुंडाळली. आणखीही काही देश हात आखडता घेत आहेत.

पैसा कमी झाला, की आधी काय कापलं जातं? घराचंच बघा. तंगी आली की सिलेंडर थांबत नाही, पण मुलीचा क्लास थांबतो. प्रकल्पातही रस्ता आणि इमारत दिसते. बाईला हिशोब शिकवणं दिसत नाही, म्हणून कात्री त्यावर चालण्याची भीती असते. न दिसणारं काम दाखवून द्यायचं असेल, तर ज्यांनी ते अनुभवलं त्यांनीच बोललं पाहिजे. म्हणजे तुम्ही.

५. मदत पारखायचे पाच प्रश्न

नवीन योजना आली की सही करण्याआधी बैठकीत हे प्रश्न वाचा.

१. पैसा किंवा मालमत्ता कुणाच्या नावावर होणार? गोठा बाईने सांभाळायचा आणि दुधाचं बिल नवऱ्याच्या खात्यात, असं तर नाही ना?

२. वस्तू मिळणार की वस्तू चालवायचं शिक्षणही? यंत्र बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार?

३. माल विकायचा कुठं? एकाच गावात वीस जणींना पापड शिकवले, तर घेणार कोण?

४. आपल्या कामाचे तास किती वाढणार? घर, रान आणि त्यावर उद्योग. लेकरं त्या वेळी कोण बघणार?

५. प्रकल्प संपल्यावर काय उरणार? साधन केंद्राचा खर्च सेवा शुल्कातून आणि वर्गणीतून निघेल का?

पाचपैकी तीन प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर घाई करू नका. नाही म्हणणं हेही संघाचं काम आहे.

६. जरा सावध

"परदेशातून निधी मंजूर झालाय, प्रत्येकीने ५०० रुपये नोंदणी फी आणि आधारची झेरॉक्स द्या," असं कुणी म्हणालं तर समजून जा की काहीतरी काळंबेरं आहे. परदेशी देणगी घ्यायला २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ती देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येते आणि एका संस्थेने ती दुसऱ्या संस्थेला द्यायलाही बंदी आहे. बचत गटाच्या खात्यात परस्पर देणगी येईल, हे शक्य नाही. फोनवर ओटीपी सांगू नका. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. लाजून गप्प बसू नका.

७. आपण काय करायचं?

पाहणी पथक गावात येतं तेव्हा आपण रांगोळी काढतो, ओवाळतो, गाणं म्हणतो. ते छानच. पण त्यातली दहा मिनिटं बोलण्यासाठी राखा. "सगळं चांगलं आहे" एवढंच सांगू नका. काय उपयोगी पडलं, काय वाया गेलं, पुढे काय हवं, हे एकेकीने सांगा. आयफाडचा निधी दर तीन वर्षांनी नव्याने गोळा होतो आणि त्या चर्चेत आपलं सरकारही असतं. पथकाच्या अहवालात तुमचं बोलणं लिहिलं गेलं, तरच ते वर पोचण्याची शक्यता.

दुसरं, ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची प्रत आमदार-खासदारांना द्या. नमुना सोबत देत आहे, आपल्या गावाप्रमाणे बदला :

*"आमच्या गावातील महिला बचत गटांना मिळालेल्या प्रशिक्षणामुळे व मार्गदर्शनामुळे महिलांचे बँक व्यवहार व उद्योग सुरू झाले आहेत. यापुढे शासनाने महिलांच्या उपजीविकेसाठी देशातील अथवा परदेशातील निधी घेताना प्रशिक्षण, बाजारपेठ, पाळणाघर व महिलांच्या नावे मालमत्ता यांसाठी स्वतंत्र तरतूद ठेवावी आणि झालेल्या खर्चाचा हिशोब ग्रामसभेत वाचून दाखवावा, अशी ही सभा मागणी करते."*

तिसरं, आपली वही नीट ठेवा. ज्या गटाचा हिशोब चोख, त्याचं बोलणं कुणालाही सहज मोडता येत नाही.

पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ

- आपल्या गटाला आजवर कोणकोणती प्रशिक्षणं मिळाली? यादी करा.
- त्यातलं कोणतं आज रोजच्या कामात वापरता आणि कोणतं विसरलात? का?
- उद्या बाहेरचा सगळा पैसा थांबला, तर आपला गट आणि साधन केंद्र किती महिने चालेल?

तिसऱ्या प्रश्नावर भरपूर वेळ द्या. उत्तर सहा महिने आलं तरी घाबरू नका, खरं उत्तर लिहा. कोणतं विरजण आणि किती मागायचं, हे त्यावरूनच कळणार आहे. उत्तरं सहयोगिनीकडे द्या, पुढच्या अंकात त्यातली निवडक छापू.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक