घरातील वडीलधारी माणसे पडली तर...



चालायला शिकताना तुम्ही कितीदा पडलात, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. पडलात, रडलात, उठलात आणि पुन्हा धावलात. आजी-आजोबांचे तसे नसते. ते एकदा पडले तरी साऱ्या घराची घडी बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात. त्यांत साठीच्या पुढच्यांचे प्रमाण सर्वांत अधिक असते. दुपारी आई-वडील कामावर असतात आणि पुष्कळदा घरात आजी व शाळेतून आलेला नातू एवढेच असतात. म्हणून हा पाठ जितका पालकांसाठी, तितकाच तुमच्यासाठीही आहे.

म्हातारपणी माणसे का पडतात?

वयाबरोबर मांड्यांचे स्नायू बारीक होतात, नजर मंदावते, तोल सावरायला वेळ लागतो. हाडे आतून विरळ होतात, त्यामुळे साध्या पडण्यानेही ती मोडतात. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी काहींना गरगरते. निजलेले माणूस एकदम उभे राहिले की रक्त पायांकडे उतरते, रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. रात्री लघवीला उठताना पडण्याचे हे एक मोठे कारण आहे. यावर उपाय सोपा आहे. आधी उठून बसावे, पाय खाली सोडून एक-दोन मिनिटे थांबावे आणि मगच उभे राहावे.

घराचाही दोष असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. ती ओली झाली की पाय सरकतो. न्हाणीघरातील साबणाचे पाणी, उंच उंबरठा, सुटे पायपुसणे, जिन्यातला अंधार आणि झिजलेली चप्पल ही नेहमीची ठिकाणे होत.

पहिली पाच मिनिटे

१) लगेच उचलू नका. आपली पहिली धाव हात धरून उभे करण्याकडे असते. ती आवरा. जवळ बसा, धीर द्या आणि हाक मारून बोलतात का ते पाहा.

२) हाकेला उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही, असे दिसले तर क्षणाचाही विलंब न करता १०८ ला फोन करा व शेजाऱ्यांना बोलवा. फोनवर सांगतील त्याप्रमाणे मोठ्या माणसाने छाती दाबण्यास सुरुवात करावी. वेग मिनिटाला १०० ते १२० असावा.

३) बोलत असतील तर विचारा: "आजी, कुठे दुखतंय? पाय घसरला, की आधी चक्कर आली?" दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. चक्कर, छातीत कळ किंवा मधुमेहात साखर उतरणे यामुळे पडणे झाले असेल, तर मूळ आजारावर उपचार हवेत.

४) चेहरा पाहा. तोंड एका बाजूला वाकडे झाले आहे का? दोन्ही हात उचलता येतात का? बोलणे अडखळते का? यांपैकी एक जरी खूण दिसली तरी तो पक्षाघात असू शकतो. त्रास केव्हा सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

५) जांघेत कळ येते, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेर वळले आहे, ही खुब्याचे हाड मोडल्याची लक्षणे आहेत. मानेला किंवा पाठीला मार असेल तरी तेच: जागचे हलवू नका. अंगावर पांघरूण घाला. शस्त्रक्रिया लागण्याचा संभव असल्याने खायला-प्यायला देऊ नका.

६) रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा.

डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालयात न्यावे. काही वेळा डोक्यात रक्त हळूहळू साचते. डोकेदुखी, उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे ही लक्षणे काही दिवसांनी, क्वचित काही आठवड्यांनीही दिसू लागतात.

१०८ आणि आपला पत्ता

१०८ ही रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आपल्या हैदराबादेतच सुरू झाली आणि पुढे अनेक राज्यांत पोहोचली. ११२ हा क्रमांकही सर्व संकटांसाठी आहे. फोनवर चार गोष्टी सांगायच्या: काय झाले, वय किती, शुद्धीवर आहेत का, आणि पत्ता. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा या भागांतल्या गल्ल्या अरुंद आहेत. नुसत्या घरक्रमांकाने वाहन सापडत नाही. जवळचे देऊळ, शाळा किंवा दुकान सांगा आणि एकाला नाक्यावर उभे करा.

आपण घरात मराठी बोलतो, पण त्या घडीला हिंदी किंवा तेलुगू उपयोगी पडते. हे वाक्य पाठ करून ठेवा: "मा नानम्मा किंद पडिपोयारु, लेवलेकपोतुन्नारु." म्हणजे, आमच्या आजी खाली पडल्या आहेत, त्यांना उठता येत नाही.

इजा नसेल तर उठवण्याची रीत

दुखत नसेल, हातपाय हलत असतील आणि डोके शांत असेल, तरच उठवावे. काखेत हात घालून किंवा मनगट धरून ओढू नये, खांदा निखळतो. आजींना कुशीवर वळू द्या, मग कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर येऊ द्या. पुढ्यात भक्कम खुर्ची ठेवा. खुर्चीवर हात टेकून, बळकट पायाचे पाऊल पुढे रोवून त्यांनी स्वतः उठावे आणि वळून बसावे. तुम्ही फक्त आधार द्यायचा. उठता आले नाही तर मदत मागवा. एक तासाहून अधिक काळ फरशीवर पडून राहणे धोक्याचे असते. पाठीवर जखमा होतात, शरीरातले पाणी कमी होते, दबलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंडांवर ताण येतो. एकट्या राहणाऱ्यांनी म्हणूनच मोबाइल गळ्यात अडकवावा.

"पडून राहा" हे प्रेम नव्हे

पालकहो, हा भाग विशेषतः आपल्यासाठी आहे. मोडलेल्या हाडावर इलाज म्हणून पुत्तूर कट्टूच्या पाट्या आपल्या शहरात जागोजागी दिसतात. पण खुब्याचे हाड बाहेरून पट्टी बांधून जुळवता येत नाही. आधी एक्स-रे हवा. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागते आणि ती एक-दोन दिवसांत झाली तर बरे. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी उभे करण्याचा सल्ला डॉक्टर देतात तेव्हा घरची माणसे घाबरतात, "थोडे दिवस आराम करू द्या" म्हणतात. हा आरामच महाग पडतो. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा पायांचे सुमारे एक किलो मांसल वजन घटले. आजारी माणसाचे काय होत असेल याची कल्पना करावी. शिवाय अंथरुणात छातीत कफ साठतो, पायात गुठळ्या होतात, मन खचते.

पडण्याची धास्ती हाही एक आजारच आहे. धास्तीने चालणे थांबते, चालणे थांबले की पाय दुबळे होतात, आणि दुबळ्या पायांचे माणूस पुन्हा पडते. तोल व पायांचे बळ वाढवणाऱ्या नियमित व्यायामाने पडण्याचे प्रमाण जवळजवळ एकचतुर्थांशाने कमी होते, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसले आहे. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, एवढ्यानेही आरंभ करता येतो.

काठीची लाज वाटू नये. ताठ उभे राहून हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी व दुखरा पाय.

प्रयोग : उठा, चाला, बसा

कॅनडातील पॉड्सियाड्लो आणि रिचर्डसन यांनी १९९१ साली ही चाचणी मांडली. खुर्चीपासून ३ मीटरवर खडूने रेघ काढा. आजोबांनी खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. एकाने घड्याळ पाहावे, एका मोठ्याने बाजूने चालावे. १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

स्वाध्याय

१) पडलेल्या माणसाला लगेच का उचलू नये? दोन कारणे लिहा.
२) आपल्या घराचा पत्ता खुणेसह हिंदी आणि तेलुगूत लिहून फोनजवळ चिकटवा.
३) घरात फिरून पाय घसरण्याच्या जागांची यादी करा. त्यांपैकी एक जागा या रविवारी आई-बाबांसह दुरुस्त करा.
४) आजी-आजोबांच्या गोळ्यांची नावे एका कागदावर उतरवून घ्या. रुग्णालयात जाताना तो कागद सोबत हवा.
५) आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी आजी-आजोबांना फिरायला नेण्याची जबाबदारी घ्या. महिन्याने वरील चाचणी पुन्हा करून दोन्ही वेळा वहीत नोंदवा आणि वर्गात सांगा.