खेकडे धरण्याची रीत

मुलांनो, त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ मुलुखात गोदावरी व वैतरणा या दोन नद्या उगम पावतात. गोदावरी नाशिकवरून पूर्वेस जाते. वैतरणा पश्चिमेस वळून अरबी समुद्रास मिळते. तिच्या खाडीकाठी, तिवरांच्या चिखलात, मोठे खेकडे राहतात. कोकणात त्यांना चिंबोऱ्या किंवा कुर्ल्या म्हणतात.

हे खेकडे धरावयास गळ लागत नाही. भरतीचे पाणी चढू लागले, की खेकडे बिळांतून बाहेर पडून अन्न शोधतात. त्या वेळी दोरीच्या टोकास माशाचे डोके बांधून ते तळाशी सोडावे. दोरी जड लागली, म्हणजे ती हळूहळू वर घ्यावी. खेकडा अन्न घट्ट धरून ठेवतो; मात्र हिसका बसताच सोडून देतो. म्हणून तो वर दिसू लागताच खालून जाळी घालावी. येथे बळापेक्षा धीर अधिक उपयोगी पडतो.

खेकड्याच्या नांगीत बोट सापडले, तर मोठी इजा होते. म्हणून जाणती माणसे त्यास मागील बाजूने, कवचावर धरतात. शिवाय भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. ती तेथील कोळ्यांना विचारल्यावाचून आणि वडीलधाऱ्यांच्या सोबतीवाचून खाडीत उतरू नये.

खेकडा हाती आल्यावर त्याचे पोट पाहावे. पोटाखालची पट्टी अरुंद व त्रिकोणी असल्यास तो नर. रुंद व गोलसर असल्यास पूर्ण वाढलेली मादी. तिच्या पट्टीखाली अंडी दिसली, तर तिला तत्काळ पाण्यात सोडावे. लहान खेकडेही सोडून द्यावेत.

हा नियम आपल्याकडील ओढ्यांत तर अधिकच कटाक्षाने पाळावयास हवा. समुद्रातील खेकड्यांची सूक्ष्म पिल्ले प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. त्यामुळे एका ठिकाणची उणीव दुसरीकडून भरून निघू शकते. ओढ्यातील मादीची अंडी त्या मानाने फार थोडी. तिची पिल्ले इवल्याशा खेकड्यांच्या रूपातच जन्मतात, काही दिवस आईच्या पोटाशी राहतात आणि जवळपासच वाढतात. असा ओढा एकदा रिकामा झाला, की तो पुन्हा भरावयास फार काळ लागतो.

इ. स. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातील सह्याद्रीतून खेकड्यांच्या पाच नव्या जाती नोंदविल्या. आणखी काही जाती अजून अज्ञात असतील. त्या ओळखण्यापूर्वीच नाहीशा होऊ नयेत. म्हणून टोपलीतले खेकडे मोजण्याआधी पिल्लांची आई पाण्यात परत गेली ना, हे पाहावे.