तारेचा प्रिंटर वायफायवर कसा आला?



आमच्या घरी एक प्रिंटर आहे. तो छापतो, झेरॉक्स काढतो आणि स्कॅनही करतो. पण त्याला वायफाय नाही. मागे चौकोनी तोंडाची एकच यूएसबीची तार. ती ताईच्या लॅपटॉपला लावली तरच छपाई होते. आणि ताई रोज सकाळच्या गाडीने नागपूरला कॉलेजात जाते. लॅपटॉप तिच्या पिशवीत. म्हणजे दिवसभर प्रिंटर घरी मुका!

गेल्या वर्षी माझ्या लहान भावाची नवोदयची परीक्षा होती. सेलू काटे येथील नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश मिळावा म्हणून पाचवीतली मुले ती देतात. प्रवेशपत्र आईच्या मोबाईलवर होते, पण छापायचे राहून गेले. आदल्या संध्याकाळी आठवण झाली. ताईची गाडी लेट, दुकान बंद. आजी म्हणाली, "एवढं मोठं यंत्र घरी आहे, अन् एक कागद निघत नाही? काहून घेतलं मग हे?" ताई साडेनऊला आली तेव्हा कागद निघाला. भाऊ तोवर रडून झोपला होता.

पुढच्या रविवारी मामा आले आणि आम्ही कामाला लागलो.

यूएसबी ही पद्धत १९९६ साली निघाली. इंटेल कंपनीत ती तयार करणाऱ्यांमध्ये अजय भट्ट हे बडोद्यात शिकलेले इंजिनिअर होते. या तारेवर मालक एकच असतो, तो म्हणजे संगणक. तो हुकूम देतो, प्रिंटर ऐकतो. मोबाईलने वायफायवरून कितीही हाका मारल्या तरी आमच्या प्रिंटरला त्या ऐकू येत नाहीत. मी म्हटलं, लांब तार आणू. मामा म्हणाले, साधी तार पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही. शिवाय तार कितीही लांब केली तरी लॅपटॉप नागपूरलाच!

आमच्या राऊटरला यूएसबीचे एक भोक आहे. आधी तिथे तार लावून पाहिली. काहीच झाले नाही. काही राऊटर प्रिंटर चालवतात, पण आमचे भोक फक्त पेन ड्राइव्हसाठी निघाले.

मग मामांनी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक लावला. हा पहिल्यांदा २०१२ साली विक्रीला आला. माझी फार आशा होती. पण इथे ड्रायव्हर आडवा आला. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे बरं का! आमच्यासारख्या स्वस्त प्रिंटरला अक्षरे वाचता येत नाहीत. पानाचे बारीक ठिपके करून, ते त्याच्याच भाषेत त्याला द्यावे लागतात. हे काम करणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आमच्या प्रिंटरचा दुभाषा मोठ्या संगणकांच्या जातीच्या प्रोसेसरसाठीच बनवलेला होता. रास्पबेरीचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा. झालं, तेही बारगळलं.

शेवटी कपाटावर पडलेला, पडदा तडकलेला जुना लॅपटॉप कामी आला. त्यात मामांनी लिनक्स टाकले आणि कप्स नावाचा कार्यक्रम बसवला. मायकल स्वीट यांनी लिहिलेला हा कार्यक्रम १९९९ साली बाहेर आला. प्रिंटरची तार या लॅपटॉपला, आणि लॅपटॉप वायफायवर. आता तो स्टेशन मास्तरासारखा मध्ये बसतो. घरातल्या कोणत्याही मोबाईलचा कागद ६३१ नंबरच्या दारातून घेतो, रांगेत लावतो, ठिपके करून प्रिंटरला देतो. कप्समध्ये 'प्रिंटर इतरांना वापरू द्या' अशी एक खूण करायची असते. ती विसरल्याने आमचा अर्धा तास गेला. आवाही नावाचा दुसरा कार्यक्रम "इथे प्रिंटर आहे हो" अशी दवंडी पिटतो, म्हणून मोबाईलवर प्रिंटरचे नाव आपोआप दिसते. आईने स्वयंपाकघरातून बचत गटाचा कागद सोडला आणि तो आतल्या खोलीत निघाला! आजी दोनदा जाऊन पाहून आली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. बाबांनी लॅपटॉपचे झाकण लावले होते, म्हणून तो झोपला होता. झाकण लावले तरी जागे राहावे, असे त्याला सांगून ठेवले.

चार दिवसांनी लाईट गेली आणि आली, तेव्हा ताईच्या लॅपटॉपवरून छपाई होईना. याचे कारण मला फार आवडले. राऊटर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता देतो आणि नव्याने चालू झाल्यावर कधी कधी तो बदलतो. ताईने जुना पत्ता लिहून ठेवला होता. आपल्या गावाचे पत्र नुसते 'सिंदी' लिहून टाकले तर ते वर्ध्याजवळच्या सिंदी (मेघे) ला जाईल की नाही? म्हणून आपण कंसात 'रेल्वे' लिहितो. तसाच राऊटरमध्ये जुन्या लॅपटॉपचा पत्ता कायमचा राखून ठेवला. आता लाईट गेली तरी पत्ता तोच राहतो.

स्कॅनचे काम मात्र अर्धेच झाले आहे. ते कप्स करत नाही. त्यासाठी सेन नावाचा वेगळा कार्यक्रम लागतो. ताईच्या लॅपटॉपवरून बिनतारी स्कॅन होते, आईच्या मोबाईलवरून अजून होत नाही. मामा दिवाळीच्या सुट्टीत येणार आहेत, तेव्हा बघू म्हणाले.