कुंपणातली फुले

आमच्या गुरांच्या रानाला काटेरी कुंपण आहे. फाल्गुनात आबा ते नीट करतात आणि मी फांद्या ओढून देते. तेव्हा कुंपणात पाहिलेल्या फुलांची ही माहिती.

रुई : फूल पांढरट-जांभळे. पान तोडले की पांढरा चीक येतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नये, डोळ्याला इजा होते. पण एका केशरी फुलपाखराच्या अळ्या हीच पाने खातात. म्हणून एक-दोन झाडे आम्ही ठेवतो.

करवंद : फुले पांढरी, वासाची. आबा म्हणतात, "हे जितं कुंपण, पोरी. दरसाल बांधायला नको." उन्हाळ्यात करवंदेही मिळतात.

पिवळा धोत्रा : पानांना काटे, चीक पिवळा. बी मोहरीसारखे दिसते, पण विषारी असते. १९९८ साली दिल्लीत त्याच्या तेलाची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाऊन लोकांच्या अंगावर सूज आली, साठाहून जास्त माणसे दगावली.

फूल आले की धोत्रा लांबूनच ओळखू येतो. बोंडे वाळून बी सांडले, की पुढच्या वर्षी दुप्पट उगवतो. म्हणून फुलावर असतानाच हाताला फडके बांधून तो उपटावा. तुमच्या बांधावर आहे का, बघा बरं!