स्थूलता आणि भोजनातील मात्रज्ञता

संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात एक लहानसे सुत्त आहे. कोसलनरेश प्रसेनजित द्रोणभर भात जेवून तथागतांच्या भेटीस आला, तेव्हा त्याला धाप लागली होती. तथागतांनी त्याची निर्भर्त्सना केली नाही. स्मृतिमान राहून आहाराची मात्रा जाणणाऱ्याच्या व्याधी सौम्य होतात व वार्धक्य सावकाश येते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने पाठीमागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास सांगितले आणि आपल्या प्रत्येक जेवणाच्या वेळी ती ऐकविण्यासाठी त्याला रोज शंभर कार्षापण ठरवून दिले. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला.

या सुत्तावर प्रवचने होतात ती संयमाच्या अंगाने. मला मात्र त्यातील शंभर कार्षापण अधिक महत्त्वाचे वाटतात. राजाने केवळ स्वतःच्या निर्धारावर भिस्त ठेवली नाही. ताटासमोर आठवण करून देणारा माणूस उभा केला.

२०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने शासकीय कार्यालये व संस्थांमध्ये, पदार्थांतील तेल आणि साखर दाखविणारे फलक लावण्याची सूचना केली. नागपूरच्या एम्सचे नाव त्या बातम्यांत झळकले आणि समोसा-जिलेबीवर सिगारेटप्रमाणे इशारा छापणार, अशी आवई देशभर उठली. तसे काही नाही, हा खुलासा मंत्रालयाला जुलैत करावा लागला. फलक हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु तर्री-पोहे आणि समोसा ज्या शहराची न्याहारी आहे, तेथे तो फलक सुदर्शनाचेच काम करतो.

आपल्या समाजात हा विषय निघाला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग. आमच्या आजोबांना दोन वेळची भाकर मिळत नव्हती, आता कुठे चार घास सुखाचे आले, तर तेही मोजायचे का? या आक्षेपातील वेदना खरी आहे. सुटलेले पोट ही आपल्याकडे ‘खात्यापित्या घरची’ खूण मानली गेली, तीही या भुकेमुळेच. पण त्यातून काढलेला निष्कर्ष घातक आहे, कारण भुकेचा वारसा असलेल्या शरीरालाच अतिरिक्त चरबीचा धोका अधिक संभवतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. आपली बालके सर्वच मापांनी लहान होती, स्नायूही कमी होते. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. ‘कृश तरीही मेदयुक्त’ असे हे शरीर. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक यांनी ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचीच तुलना ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. दोघांचाही शरीरभारांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के!

गर्भात आणि बालपणी टंचाई सोसलेल्या शरीराला पुढे मुबलक अन्न आणि बैठे काम मिळाले, की मधुमेह व हृदयविकार कमी वयात, कमी वजनातही गाठतात. खेड्यातून वसतिगृहात आलेला, शिकून कार्यालयात खुर्चीवर बसलेला आपला माजी विद्यार्थी नेमका या वाटेवर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या, तर १८.७ टक्के कृश आहेत. एकाच वस्तीत, कधी एकाच घरात, ही दोन्ही टोके नांदतात.

म्हणून भारतीयांसाठी मापेही कडक ठेवली आहेत. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीरभारांक मिळतो. प्रौढांमध्ये तो २३ च्या वर गेला की सावध व्हावे, २५ पासून स्थूलता धरावी. १६० सेंटिमीटर उंचीला ६४ किलो म्हणजे २५. याहून सोपे साधन शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध घेतलेला घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक नसावा. वाढत्या मुलांना ही मापे लावू नयेत; त्यांची वयानुसार वेगळी कोष्टके डॉक्टरांकडे असतात. आणि मुलाला ‘ढोल्या’ म्हणून हाक मारणे हा काही उपचार नव्हे.

स्वयंपाकघरात पहिला हिशेब तेलाचा करावा. माणशी महिन्याला एक लिटर तेल म्हणजे दिवसाला सुमारे ३० ग्रॅम, अर्थात २७० उष्मांक केवळ तेलातून; सावजी रस्सा आणि बाहेरची भजी वेगळी. दुसरी गोष्ट वाढपाची. भूक पाहिलेल्या घरांत ताटात अन्न टाकणे पाप मानतात, ते योग्यच; परंतु त्यापायी उरलेले पोटात ढकलले जाते. त्यापेक्षा पहिली वाढच कमी असावी, लागल्यास पुन्हा घ्यावे.

उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका दुपारनंतर भोजन करीत नाहीत. ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू आहे, त्यांनी मात्र त्या दिवसाच्या औषधाची मात्रा आपल्या डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्यावी. रिकाम्या पोटी नेहमीचे औषध घेतल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते.