शेजारी राहूनही दरी का राहते?
(गटाच्या मासिक बैठकीत वाचण्यासाठी अभ्यास-पाठ)



दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग नावाचं मोठं शहर आहे. १८८६ मध्ये तिथं सोनं सापडलं आणि शहर वाढत गेलं. आज तिथं सँडटन हा बँका, मॉल आणि बंगल्यांचा भाग आहे. त्याच्या शेजारीच अलेक्झांड्रा ही दाटीवाटीची गरीब वस्ती आहे. अलेक्झांड्रातल्या कितीतरी बाया सँडटनमध्ये घरकाम आणि साफसफाई करून संध्याकाळी परत येतात. वाचताना हिंजवडी-माण आठवलं ना? आयटी पार्कमधल्या उंच इमारती, आणि सकाळी सहाआसनीतून तिथं कामाला जाणाऱ्या आपल्याच बाया.

दरी आली कुठून?

तिथं १९१३ मध्ये गोऱ्या सरकारने जमिनीचा कायदा केला. काळ्या लोकांसाठी देशातली सुमारे ७ टक्के जमीन ठेवली, तीच पुढे १३ टक्क्यांच्या आसपास गेली. त्याबाहेर त्यांना जमीन विकत घेता येईना. १९९४ मध्ये सगळ्यांना मताचा हक्क मिळाला, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. पण मत एका दिवसात मिळालं, तशी जमीन मिळाली नाही. ज्यांच्याकडे घरं-जमिनी होत्या त्यांची किंमत वाढत राहिली, बाकीच्यांकडे फक्त मजुरी उरली. म्हणून दरी अजून आहे.

आपल्या मुळशीची गोष्टही जमिनीचीच आहे. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. बायाही त्यात उतरल्या होत्या. तरी धरण झालं. बरीचशी जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांची होती, ते मोबदल्यावर तडजोडीला तयार झाले. कसणाऱ्याचं घर-शेत पाण्याखाली गेलं, आणि इथल्या पाण्यावर भिऱ्याला झालेली वीज मुंबईला गेली. यातून एक गोष्ट लक्षात ठेवा : घाम कुणाचा हे कागद विचारत नाही, नाव कुणाचं ते विचारतो.

एक साधा हिशेब

समजा, दोन घरं आहेत. दोन्हीकडे रस्त्याजवळ २० गुंठे जमीन. दोन्ही घरच्या बाया कामाला जाऊन महिना १०,००० रुपये मिळवतात.

पहिल्या घराने जमीन २० लाखांना विकली. ८ लाखांची गाडी, ७ लाखांचं लग्न, ५ लाख घराला. पैसा संपला. दुसऱ्या घराने जमीन ठेवली, परवानगी आणि कर्ज घेऊन चार खोल्या बांधल्या. खोलीला ३,००० प्रमाणे महिना १२,००० भाडं येतं. हप्ता फिटला की ते सगळं घरात.

काम सारखंच, कष्ट सारखेच. पण पहिलीचं अंग दुखलं की कमाई बंद, दुसरीची चालू. दहा वर्षांनी दोघींची मुलं एकाच जागी असतील का?

आजारपण, कर्ज यांपायी कुणाला विकावंच लागतं, त्यात दोष नाही. पण आलेल्या पैशातला काही भाग तरी पुन्हा उत्पन्न देणाऱ्या गोष्टीत घालावा, आणि तिथं बाईचं नाव असावं.

आपला हिस्सा

गरीब-श्रीमंतीची एक दरी घरातही असते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात देशभर बदल झाला आणि विवाहित मुलीही आल्या. हा हक्क जन्मानेच मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेलं रीतसर वाटप यामुळे मोडत नाही.

तरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. "भाऊ तुटेल, माहेर तुटेल" ही भीती खरी आहे, तिला हसू नका. पण हिस्सा मागणं म्हणजे भांडण नव्हे. भावाशी बसून बोलता येतं : निदान दोन-चार गुंठे, किंवा विक्री झाली तर पैशात वाटा. सही मात्र समजून, आपल्या मर्जीने व्हावी.

एवढं करा

१. सातबारा आणि आठ-अ काढून वाचा. आपलं नाव आहे का बघा.
२. घरात मृत्यू झाल्यावर वारस नोंदीत मुलींची आणि विधवेची नावं आलीत का, तलाठ्याकडे विचारा.
३. फेरफाराची नोटीस आली की बाजूला ठेवू नका. हरकत घ्यायला १५ दिवस असतात.
४. कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही-अंगठा नको. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र सहजासहजी फिरवता येत नाही.

बैठकीत बोलूया

- आपल्या गटातल्या किती जणींचं नाव सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर आहे?
- गावात जमीन विकलेल्या घरांचा पैसा कशात गेला? (नावं न घेता बोला.)
- आपण आपल्या मुलीकडून सही मागणार का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड. त्याला जास्त वेळ द्या.